‘देवमाणूस’ लिहून झालं, पुढं काय लिहू?

या आठवड्याचं पत्र:

“काकू, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, म्हणून मला ‘तू’च म्हणा. माहेर सातारा जिल्ह्यातलं, नोकरी पुण्यात, चार वर्षांचा एक मुलगा. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गेल्या वर्षी हृदयविकारानं गेले. त्रेसष्ट वर्षांचे होते. एसटीत तेहेतीस वर्षं वाहक होते. त्यातली बरीचशी वर्षं मुक्कामी गाडीवर काढली, कास पठार ओलांडून कोयनेच्या पाण्याकडं उतरणाऱ्या. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्याच संध्याकाळी घरासमोर मांडव घालून पुण्यस्मरणाचा कार्यक्रम ठेवलाय, आठ पानांची स्मरणिकाही काढायची ठरलीय. लिहायचं आणि बोलायचं काम माझ्याकडं आलं. चुलत्यांनी मथळा देऊनही टाकला: ‘आदर्श पती, प्रेमळ पिता, सच्चा मित्र’. मी पहिलं वाक्य लिहिलं, ‘आमचे आप्पा म्हणजे देवमाणूस’. त्याला आता बारा दिवस झाले. पुढं एक ओळ सुचत नाही.

खरं सांगू? गावाला ते देवमाणूस असतील. मला आठवतं ते त्यांचं नसणं. गणपतीत नाहीत, आषाढीत नाहीत, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला नाहीत. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी नाहीत. खाऊला पैसे मागितले की दहाची नोट उभी घडी घालून बोटांच्या बेचक्यात धरून द्यायचे, तेवढंच डोळ्यांसमोर येतं. असं लिहिलं तर त्यांचा अपमान होईल का? आईला विचारायला जावं तर ‘काय सांगायचं, चांगले होते’ एवढंच म्हणते आणि उठून कामाला लागते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. भावानं, चुलत्यांनी, सगळ्यांनी शब्द देऊन झाले. शेवटी आप्पांच्या गाडीचे ड्रायव्हरकाका पुढं झाले, हात जोडून म्हणाले, ‘म्हातारीच्या गोळ्या मी पोचवीन’, आणि कावळा उतरला. कोण म्हातारी, कसल्या गोळ्या, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि एक: आत्या म्हणतात, आईनं कार्यक्रमात पुढं बसू नये, तसबिरीसमोरचा दिवा भावानं लावावा. काय करू?”

लेकी,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस आणि वर त्याला ‘तेवढंच’ म्हणालीस. दहाच्या नोटेचं.

भरलेल्या गाडीत वाहक नोटा तशाच धरतो. उभी घडी, दहाच्या एका बेचक्यात, वीसच्या दुसऱ्या, पन्नासच्या तिसऱ्या. काखेत चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच, घाटात गाडी वळली की गुडघा बाकाला टेकवून तोल सांभाळायचा. खिशात हात घालायला सवड नसते म्हणून पैसे बोटांतच राहतात. ही सवय तुझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत आली. तुला खाऊचे पैसे देताना तुझ्या वडिलांची बोटं अजून गाडीतच होती. बारा दिवस सुचत नाही म्हणतेस, आणि तुझी स्मरणिका तर तिथं सुरू झालेली आहे. ‘देवमाणूस’ खोड. पहिलं वाक्य नोटेचं घे.

हे मी तुला एवढ्या ठामपणे सांगते, कारण उलटं करून बसलेली बाई आहे मी. माझे यजमान जाऊन सोळा वर्षं झाली. त्यांच्या शोकसभेत मी लिहून नेलेला कागद वाचला. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, सगळे शब्द होते. तो कागद अजून कपाटात आहे. मधून मधून काढून वाचते आणि त्यात ते मला सापडत नाहीत. दाढी झाल्यावर ते उरलेल्या कोमट पाण्यानं खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीची कड पुसायचे. तुळशीला साबणाचं पाणी लागू नये म्हणून दोन बोटांनी, हळूहळू. हे मी त्या कागदात घातलं नाही, क्षुल्लक वाटलं. आज त्यांच्या खोकल्याचा आवाज मला आठवतो, पण जिन्यावरचा चपलांचा आवाज गेला. कितीही आठवला तरी येत नाही. तुझं एकच वर्ष झालंय. तुझ्याकडं अजून पुष्कळ शिल्लक आहे, म्हणून घाई कर.

तुझ्या जिल्ह्यातच, वाई तालुक्यात, किकली नावाचं गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळापाशी कितीतरी वीरगळ आहेत, म्हणजे लढताना गेलेल्यांच्या आठवणीसाठी उभे केलेले कोरीव दगड. एखाद्या रविवारी जाऊन बघ. एकेका दगडावर खालून वर कोरलेले कप्पे असतात. सगळ्यात खाली तो माणूस कसा गेला ते: लढताना, काही दगडांवर गुरं राखताना, बाजूला गायी कोरलेल्या असतात. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. नाव नाही, गाव नाही, ‘थोर’ नाही, ‘आदर्श’ नाही. तरी शेकडो वर्षांनी उभं राहून बघणाऱ्याला कळतं, हा गायींसाठी गेला. कारण ज्यानं दगड घडवला त्यानं विशेषण कोरलं नाही, माणूस काय करत होता ते कोरलं. तुला आठ पानांत तेच करायचंय.

आता तुझ्या मनात खुपतंय त्याकडं येते. ‘नसणं’ लिहिलं तर अपमान होईल का?

नाही. पण अर्धवट लिहिलंस तर अन्याय होईल, त्यांच्यावर आणि तुझ्यावरही. ‘आप्पा गणपतीत घरी नव्हते’ इथं थांबू नकोस. ते कुठं होते, ते पुढं लिही.

गणपतीला मुंबईतून कोकणात जादा गाड्या सुटतात, त्यांच्यासाठी राज्यभरातल्या आगारांतून गाड्या आणि माणसं मागवली जातात. आषाढीला तेच पंढरपुरासाठी. दिवाळीत तर प्रत्येक मार्गावर जादा फेऱ्या. लोक सणाला घरी पोचावेत म्हणून काही हजार घरांतले बाप सणाला घरी नसतात. तुझं घर त्यातलं एक. तू पहिल्या अंघोळीला उठलीस तेव्हा तुझे वडील कुठल्या तरी स्थानकाच्या नळावर तोंड धूत असतील, आणि त्यांच्या गाडीतून उतरलेली बाई पिशव्या सांभाळत आपल्या पोरांकडं पळत गेली असेल. नेमकं कुठं, कोणत्या वर्षी, ते ड्रायव्हरकाकांना विचार. त्यांना आठवेल. ही माणसं वर्षं विसरतात, पण कोणत्या घाटात कोणत्या सणाला टायर फुटला ते विसरत नाहीत.

आणि मुक्कामी गाडीचं मला थोडं माहीत आहे, कारण त्याच भागातल्या एका शाळेत मी सहा वर्षं शिकवलंय. कोयनेचं धरण झालं आणि त्या खोऱ्यात पाणी शिरलं. शेजारशेजारची गावं पाण्याच्या दोन काठांना गेली. काही वाड्यांना लाँचनं काठाला यायचं आणि मग गाडी धरायची. अशा ठिकाणी संध्याकाळची गाडी मुक्कामाला येते, म्हणजे नुसती गाडी येत नाही. तालुक्याच्या दुकानातली औषधं येतात, लग्नाच्या पत्रिका येतात, दुरुस्तीला दिलेला पंप येतो, कुणाच्या मुलाचा निरोप येतो. पावसाळ्यात कासच्या माथ्यावर धुकं असं उतरतं की दिव्यांच्या उजेडात रस्त्याची कडसुद्धा दिसत नाही. तेव्हा वाहक खाली उतरून गाडीच्या पुढं चालतो आणि हात करतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. रात्री गाडी देवळापाशी किंवा शाळेपाशी लावायची, बाकावर किंवा ओसरीवर वळकटी पसरायची, आणि पहाटे पुन्हा घंटी.

त्या पहाटेच्या गाडीत माझ्या मुली असायच्या. पाचवीच्या पुढच्या. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास होता, म्हणून घरच्यांनी शाळेत घातलेल्या. गाडी चुकली की दिवस जायचा. चारदा चुकली की घरातलं कुणीतरी म्हणायचं, राहू दे आता, घरी कामाला होईल. आमच्या मुख्याध्यापकांपेक्षा त्या मुलींचं शिक्षण वाहकाच्या हातात जास्त होतं. पायवाटेनं एखादी पोर धावत येताना दिसली की डबल बेल द्यायची की दोन मिनिटं थांबायचं, एवढंच. काही वाहक थांबायचे. त्यांच्यात तुझे वडील होते का ते मला माहीत नाही, पण शोधून काढणं तुला अवघड नाही.

समजा, निघाले. समजा, चार गावच्या मुली म्हणाल्या की होय, ते थांबायचे. तरी तुझी तक्रार खोटी ठरत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण लोक तुला लगेच म्हणतील, ‘बघ, किती मोठं काम करत होते, आणि तू कुरकुर करतेस!’ त्यांचं ऐकू नकोस. दहावीच्या निकालाच्या दिवशी बाप हवा असतो, तो नव्हता, हे खरं. त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीला तो वेळेवर पोचवत होता, हेही खरं असू शकतं. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिही. मध्ये ‘पण’ घालू नकोस, ‘म्हणून’ही घालू नकोस. ऐकणारे आपापलं समजून घेतील. मांडवात बसलेल्यांत निम्मे एसटीतलेच असणार, त्यांच्याही घरी मुली आहेत. तुझ्या त्या दोन वाक्यांनी त्यांच्यातला एखादा त्या रात्री घरी जाऊन मुलीशेजारी बसेल.

आता आईचं.

तुमच्या मथळ्यातला पहिला शब्द, ‘आदर्श पती’, तो मला सगळ्यात जास्त टोचला. तेहेतीस वर्षं ज्या घरातला पुरुष महिन्यातल्या कितीतरी रात्री बाहेर असतो, ते घर कुणी चालवलं? रात्री तुला ताप चढला तर डॉक्टरकडं कोण घेऊन गेलं? मथळ्यात आप्पांना ‘आदर्श’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं. ते काढून टाक. त्यांची बायको कशी राहिली ते लिहिलंस, तर ते नवरा म्हणून कसे होते ते आपोआप कळेल.

पण तिला ‘आप्पा कसे होते?’ असं विचारू नकोस. या प्रश्नाला जगात कुठल्याच बाईकडं उत्तर नाही, म्हणून ती ‘चांगले होते’ म्हणते आणि उठते. ती उठते तेव्हा तिच्या मागोमाग जा. मेथी निवडायला घे, तिच्याबरोबर बस, आणि असलं काही विचार: मुक्कामाच्या डब्यात काय द्यायचीस? भाकऱ्या किती? सकाळी आले की पहिल्यांदा काय मागायचे? खाकी कपडे भट्टीला टाकायचे की घरीच धुवायचीस? कॉलरचा मळ कशानं निघायचा? ते नसायचे त्या रात्री दाराला कडी कशी लावायचीस? शेवटचा प्रश्न एकदा विचार आणि गप्प राहा. मला वाटतं, त्याचं उत्तर लांब असेल.

ती तरीही बोलली नाही, तर सोडून दे. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. अकरा वर्षांची असताना त्यांच्या घरात आलेल्या, त्यांच्याकडूनच लिहायला-वाचायला शिकलेल्या रमाबाईंनी त्यांच्या आठवणी पुस्तकरूपानं छापल्या त्या १९१० साली. मधे नऊ वर्षं गेली. एवढ्या मोठ्या सार्वजनिक कामाच्या बाईलाही तेवढी वर्षं लागली, आणि तू तुझ्या आईकडून वर्षभरात मागतेयस. स्मरणिकेत एक पान कोरं सोड. वर फक्त लिही: ‘आईचं पान’. छापखानेवाला विचारेल, मजकूर राहिला का? सांग, नाही राहिला.

आणि दिवा.

दिवा आई लावेल. यात तुला माझा सल्ला नको, मी तुला निक्षून सांगते. ज्या माणसाच्या स्मरणासाठी मांडव घातला, त्याच्याबरोबर सगळ्यात जास्त वर्षं जी राहिली, तिला मागच्या खुर्चीवर बसवून त्याची कसली आठवण काढणार? कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये त्या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हे कुठल्या शहरातल्या संस्थेनं केलं नाही, तुझ्या गावासारख्याच एका गावानं केलं. आत्यांना हे सांग. मात्र भांडणाच्या सुरात सांगू नकोस. त्यांचा भाऊ गेलाय, आणि त्यांना लहानपणापासून जे शिकवलं तेच त्या म्हणतायत. त्यांनाही एक काम दे. आप्पा लहान असताना कसे होते, हे आता त्यांच्याइतकं सांगणारं फारसं कुणी उरलेलं नसेल. एक पान आत्यांचं कर. शाळेत कुठं जायचे, मार कशावरून खाल्ला, पहिल्या पगारातून बहिणीला काय आणलं. दिवा लावायला आई उठेल तेव्हा आत्याच तिच्यासोबत पुढं येतील, असं मला मनापासून वाटतं. नाही आल्या तर तू ये.

एक मात्र आधी आईला विचार: तुला लावायचाय का? तिला सगळ्यांसमोर उठायचं नसेल, तर तिच्या मनासारखं होऊ दे. घरात, पहाटे, कुणी नसताना तिनं लावला आणि तीच ज्योत मांडवात आणली तरी चालेल. फक्त ती मागं बसली तर तिला बसायचं होतं म्हणून बसावी, कुणी बसवली म्हणून नव्हे.

ड्रायव्हरकाकांचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसले. कावळा का उतरला ते मी सांगू शकत नाही. पण वर्षानुवर्षं एका माणसाबरोबर घाट चढलेल्याला त्याचं राहिलेलं काम कोणतं ते माहीत होतं, आणि घरच्यांना नव्हतं. यात तुमची चूक नाही. काही माणसं चांगलं काम घरी आणतच नाहीत. ड्यूटीवर केलं, ड्यूटीवर ठेवलं.

काकांना घरी बोलावून विचारू नकोस. घरी ते पाहुण्यासारखे अवघडून बसतील, चहा घेतील आणि ‘फार चांगला माणूस’ म्हणतील. स्थानकावर जाऊन भेट, कॅन्टीनमध्ये, नाहीतर ते निवृत्त झाले असतील तर त्यांच्या रानात. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायची परवानगी आधी माग आणि फोन टेबलावर उलटा ठेवून दे. विचार: गाडी रात्री किती वाजता पोचायची? जेवण कुणाकडं? झोपायचं कुठं? दोघांचं कधी भांडण झालं का, कशावरून, अबोला किती दिवस? भांडणाचं नक्की विचार. मैत्री कशी होती ते भांडणात कळतं. कधी कधी मित्रांकडून न आवडणारंही काही कळतं, कुणाला दिलेले पैसे, काही लपवलेलं. कळलं तर कळू दे. सगळं छापायलाच पाहिजे असं नाही.

आणि म्हातारीचं शेवटी विचार. त्या कोण, हयात आहेत का, गोळ्या अजून पोचतात का. हयात असतील तर तुझं काम स्मरणिकेच्या पलीकडचं आहे: त्या गोळ्यांची चिठ्ठी बघून घे, आणि पुढचं पाकीट तुझ्या पैशानं जाऊ दे. त्यांचं नाव मात्र त्यांना विचारल्याशिवाय छापू नकोस. कुणाच्या तरी आजारपणाची जाहिरात होऊ नये. ‘शेवटच्या गावातल्या एक आजी’ एवढं पुरे.

स्मरणिकेचं बाकीचं थोडक्यात सांगते. पासपोर्ट फोटो मुखपृष्ठावर नको, गणवेशातला, बिल्ला लावलेला एखादा शोध, कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये मागं उभे असलेले सापडतील. प्रत्येक फोटोखाली कोण, कुठं, कोणतं साल ते लिही, आज सगळ्यांना माहीत असतं आणि वीस वर्षांनी कुणालाच नसतं. ‘दुःखांकित’ची यादी मागच्या पानावर लहान अक्षरात. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी पाठवलेले बोललेले निरोप असतील, ते आजच उतरवून दोन ठिकाणी ठेव. ‘पोचलीस का’ एवढाच निरोप असला तरी ठेव. भाषण सात मिनिटांच्या वर नको. घरी मोठ्यानं दोनदा वाचून बघ, जिथं गळा दाटतो तिथं कागदावर खूण कर, तिथं थांबायचं, पाणी प्यायचं, आणि पुढं जायचं. रडू आलं तर येऊ दे. मांडव तुझ्याच घराचा आहे.

वर्षश्राद्धाच्या सकाळी भाऊ तर्पण करील, तेव्हा तू जवळ थांब आणि ऐक. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. गोत्र आणि नाव. तीन पिढ्या नाव घेतलं जातं, चौथीला ते गळतं. माझ्या पणज्यांचं नाव मला माहीत आहे, पण ते हसायचे कसे, ताटात काय टाकायचे, कुणाच्या अडीअडचणीला धावायचे, यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत आलं नाही. विधी नाव सांभाळतो. बाकीचं घरानं सांभाळायचं असतं. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली, तिचे वाहक लक्ष्मण केवटे यांचं नाव आजही घेतलं जातं, ते पहिले होते म्हणून. त्यांच्यानंतर ज्या हजारोंनी तेच काम केलं, त्यांचं कोण लिहिणार? तुझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला आजोबा आठवणार नाहीत, आठवलेच तर एखादा वास, एखादी मांडी. तू स्मरणिका लिहितेयस ती त्याच्यासाठी लिही. मांडवातल्या लोकांना आप्पा माहीत आहेत. ‘देवमाणूस’ वाचून त्याला काय कळणार? नोटेची घडी मात्र तो करून बघेल.

शेवटचं एक काम सांगते, कार्यक्रमाच्या आधीच कर. आईला घे आणि आप्पांच्या मुक्कामी गाडीनं शेवटच्या गावापर्यंत जा. संध्याकाळची गाडी धर, त्यांची वेळ. त्या गावात कुणाच्या तरी घरी रात्रीची सोय होईल, तुम्ही कोण ते सांगितल्यावर तर नक्कीच. पहाटेच्या गाडीनं परत या. तुझ्या आईनं तो रस्ता बहुतेक कधी पाहिलेला नसेल. वर्षानुवर्षं तिनं त्या रस्त्यासाठी डबा भरला आणि गाडी ठरल्या वेळी परत येते की नाही एवढंच पाहत राहिली. तिला खिडकीपाशी बसव. प्रश्न विचारू नकोस. गाडी कासचा माथा ओलांडून उतरायला लागेल आणि खाली पाणी दिसेल तेव्हा ती काही बोलली तर ऐक, नाही बोलली तर तूही बाहेर बघ.

तिकीट तू काढ. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आप्पा त्याआधीच निवृत्त झाले, म्हणजे या सवलतीचं तिकीट त्यांनी कुणालाच दिलेलं नाही. तुम्हा दोघींची दोन अर्धी तिकिटं माग आणि सुटे पैसे उभी घडी घालून दे. नवा वाहक ओळखेल की नाही सांगता येत नाही, पण दे. आणि ती तिकिटं नीट जप. हल्लीच्या यंत्राच्या तिकिटाची शाई काही महिन्यांत उडते, कागद कोरा पडतो. घरी आल्याबरोबर त्यांची झेरॉक्स काढून आईच्या कोऱ्या पानात ठेव.

तुझी,
काकू